नदीतले शिंपले मोजायचे कसे? पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

मागच्या उन्हाळ्यात एक नवीन पोरगा आमच्याबरोबर हिरण्यकेशी नदीवर आला होता. तीन तास कंबरभर पाण्यात वाकून वाकून शोधलं बिचाऱ्याने आणि शेवटी काठावर बसून म्हणाला, दादा काहीच नाही मिळालं, दिवस फुकट गेला. म्हटलं बाबा तीन तास, चार माणसं, साधारण अमुक एवढा पट्टा, पाणी स्वच्छ, जिवंत शिंपला शून्य, एवढं कागदावर आलं ना, मग फुकट कसा? दुर्मिळ शिंपल्यांच्या सर्वेत बहुतेक दिवस असेच जातात, आणि किती शोधलं ते लिहिलं नसेल तर किती सापडलं याला काडीचा अर्थ राहत नाही. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

मी हे कृष्णेच्या खोऱ्याला धरून लिहितोय, कारण माझं फिरणं तिथलंच. गोदावरीवाल्यांनी किंवा कोकणातल्यांनी आपापल्या नदीप्रमाणे बदल करून घ्या.

आधी कोण कोण आहे ते ओळखा

आपल्याकडे नदीत सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, लांबट, तपकिरी-काळपट. आजीच्या वेळी दगडावर घासून भोक पाडून कैऱ्या सोलायला वापरायचे ना, ते शिंपले बहुतेक याच गटातले. त्याच्याहून लहान, जरा गोलसर आणि वरच्या भागावर सुरकुत्या असलेला तो पॅरेशिया कॉरुगाटा. आणि एक बारकी त्रिकोणी, वर एकसारख्या समांतर कडा असलेली दोन-अडीच सेंटीमीटरची असते ती कॉर्बिक्युला, ही वेगळ्याच कुळातली. नवीन लोक हमखास हिला "शिंपल्याचं पिल्लू" समजून वहीत टाकतात आणि मग पिल्लांचा आकडा बघून सगळे खूश होतात. आम्हीपण झालो होतो.

आता दुर्मिळ. आर्सिडॉप्सिस फूटी हा पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडे कुठे नाही, आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत तो धोक्यातल्या जातींमध्ये आहे. नावातला फूट म्हणजे रॉबर्ट ब्रूस फूट, तोच भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला १८६३ मध्ये चेन्नईजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडलं. या माणसाने आपला बेळगाव-विजापूरकडचा, तेव्हाच्या इंग्रजांच्या भाषेत दक्षिण मराठा मुलूख, पायाखाली घातला होता. गोकाकजवळची घटप्रभा ही या शिंपल्याची जुनी जागा, आणि हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावून आजरा-गडहिंग्लज करत शेवटी त्याच घटप्रभेला मिळते, म्हणून आमची हिच्यावर नजर. दुसरा स्यूडोमुलेरिया डॅली, हा कर्नाटकात तुंगा-भद्रेच्या बाजूचा. हा अजबच आहे, कालवासारखा खडकाला कायमचा चिकटून राहतो. वाळू चाचपणाऱ्याला हा आयुष्यात सापडणार नाही, खडकच बघावे लागतात. तोही धोक्यातल्या यादीत.

अजून एक गोष्ट डोक्यात ठेवा, यांच्या अळ्यांना काही दिवस माशाच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटून राहावं लागतं, तिथेच त्यांचं रूपांतर होतं आणि मग त्या तळाशी पडतात. म्हणजे त्या माशाची ये-जा बंद झाली, वर-खाली बंधारे आले, की मोठे शिंपले वर्षानुवर्षं जगत राहतात पण नवीन पोरं जन्माला येत नाहीत. बाहेरून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. म्हणून पुढे मापं घ्यायला सांगणार आहे ती कंटाळा न करता घ्या.

परवानगी, आणि गावाला सांगणं

अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, म्हणजे कोयनेचा वरचा भाग वगैरे, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही. हद्दीबाहेर काम करत असाल तरी ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. चार माणसं बादल्या, दोऱ्या, लोखंडी चौकटी घेऊन नदीत उतरली की गावाला दोनच शंका येतात, वाळूवाले आले किंवा गुप्तधनवाले आले. एकदा आम्हाला अर्धा दिवस हे समजावण्यात घालवावा लागलाय, आणि वाळूच्या बाबतीत गावाचा राग चुकीचा पण नसतो.

या भेटीचा दुसरा फायदा मोठा आहे. नदीवर जाळं टाकणाऱ्या भोई मंडळींना विचारा. जिवंत शिंपले हातात देऊन नका विचारू, फोटो दाखवा आणि विचारा की हा कुठे असायचा, कुठल्या डोहात, किती वर्षांपूर्वी. एका मामांनी आम्हाला बघून विचारलं, "काय हुडकालाय पोरांनो? शिंपल्या व्हय? त्या खालच्या खडकाच्या कपारीत असायच्या, आता वाळूच ऱ्हायली न्हाई तर शिंपल्या कुठनं ऱ्हातील." नकाशावर तीन दिवस डोकं लावून आम्ही जी जागा काढली होती त्याच्या दीड किलोमीटर खाली होतं ते.

कधी जायचं

फेब्रुवारी ते मे मध्यापर्यंत. पावसाळ्यात प्रश्नच नाही आणि दिवाळीच्या आसपास पाणी अजून गढूळ असतं. पण आपल्याकडे खरी गोम बंधाऱ्यांची आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पाऊस संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, मग बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी फुगून उभं राहतं, तिथे पायी सर्वे होत नाही. बंधाऱ्याच्या खालचा उथळ, वाहता पट्टा आपल्या कामाचा. मात्र धरणातून आवर्तन सुटलं की तोच पट्टा दोन तासांत छातीएवढा होतो. आवर्तनाची तारीख पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात विचारा, बंधाऱ्यावरच्या माणसाला परत विचारा, आणि तरीसुद्धा काठावरच्या एका दगडावर खडूने पाण्याची रेघ मारून ठेवा, एका माणसाने दर पंधरा मिनिटांनी ती बघायची. रेघ बुडाली की सगळे बाहेर, हातातलं काम टाकून. आमची एक बॅग वाहून गेली तेव्हापासून हा नियम आहे, बॅगेच्या जागी माणूस असता तर हे लिहायला बसलो नसतो.

मगरींचं पण सांगतो. कृष्णेला सांगलीकडे, भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत, आणि ही ऐकीव गोष्ट नाही. अशा ठिकाणी पाण्यात उतरायचं नाही, काठावरची टरफलं गोळा करून जेवढं कळेल तेवढं पुरे. शिंपल्यासाठी पाय घालवू नका.

सामान

महाग काही नाही. पांढरी बादली घ्या, तळ गोल कापा, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा सिलिकॉनने चिकटवा, झाला पाण्यात बघायचा चष्मा. उन्हाची चमक आणि लाटा जातात, मांडीभर पाण्याचा तळ आरशासारखा दिसतो. अर्ध्या मीटर बाजूची चौकट पीव्हीसी पाइपची करा, पाइपला भोकं पाडा म्हणजे तरंगणार नाही, आत सळई टाकली तर उत्तम. व्हर्नियर कॅलिपर प्लॅस्टिकचा चालतो. कांद्याच्या जाळीच्या पिशव्या, पन्नास मीटरचा टेप, दोरी, फोन वॉटरप्रूफ कव्हरात, लाइफ जॅकेट. चप्पल नाही, बूट, कारण काचा. आणि पेन्सिल. बॉलपेनने लिहिलेली आमची एक अख्खी दुपार पाण्यात निळी होऊन गेली.

पहिलं काम काठावरच

पाण्यात उडी मारायची घाई असते सगळ्यांना, पण पहिला अर्धा-पाऊण तास काठावर चाला. रिकामी टरफलं गोळा करा. पाणमांजरं शिंपले खाऊन टरफलं एकाच खडकावर टाकतात, उघड्या चोचीचे करकोचे पण खातात, असा एखादा उकिरडा सापडला तर लॉटरी. टरफलाची अवस्था लिहा. आतून मोत्यासारखी चमक आहे, बिजागरीचा सांधा अजून लवचिक आहे, आत मांस चिकटलंय म्हणजे अलीकडेच मेलेला. चमक गेली, खडूसारखा पांढरा झाला, म्हणजे जुना. नुसत्या जुन्या टरफलांवरून "इथे आहे" असं लिहू नका, "इथे होता" एवढंच, आणि पुरात वाहून आलेलं पण असू शकतं. दोन्ही झडपा, म्हणजे टरफलाचे दोन अर्धे भाग, अजून जोडलेल्या असतील तर बहुतेक जवळपासचाच.

उन्हाळ्यात मुख्य धारेपासून तुटलेली डबकी आटत असतात, तीपण बघा. तिथे शिंपले अडकून मरतात आणि कधीकधी एकाच डबक्यात जेवढे दिसतात तेवढे नदीत आठवडाभर दिसत नाहीत.

मग वेळ लावून शोधणं

नवख्यांनी सुरुवात इथूनच करायची, चौकटी नंतर. शंभर मीटरचा पट्टा ठरवा, फोनवर सुरुवात आणि शेवटचं लोकेशन घ्या, घड्याळ लावा आणि सगळ्यांनी प्रवाहाच्या उलट दिशेने, खालून वर जात शोधायचं, म्हणजे आपण उडवलेला गाळ मागे जातो. बादलीतून बघा, जिथे दिसत नाही तिथे बोटांनी चाचपा, खडकांच्या कपारीत, झाडांच्या मुळांखाली, काठाच्या आत कोरलेल्या भागात. जिवंत शिंपला तुम्ही समजता तसा पडलेला दिसत नाही, जवळजवळ सगळा गाडलेला असतो आणि वर फक्त दोन बारीक फटी दिसतात, त्यांच्या कडेला झालर असते, तुमची सावली पडली की फट मिटते. वाळूत कधी त्याने सरकताना ओढलेली रेघ दिसते, रेघेच्या टोकाला बघायचं.

हिशोब सोपा. चार जणांनी अर्धा अर्धा तास शोधलं म्हणजे दोन माणूस-तास. १८ सापडले तर तासाला ९. मोजायला, फोटोला, चहाला गेलेला वेळ यात धरायचा नाही, घड्याळ थांबवा. प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहा, कारण एकाची नजर दुसऱ्यासारखी नसते. आमच्यातल्या एकीला माझ्या तिप्पट सापडतात आणि ती चष्मा लावते.

चौकटी कधी टाकायच्या

वेळेचा आकडा दोन जागांची तुलना करायला बरा, पण नदीत एकूण किती आहेत ते त्यातून निघत नाही. त्यासाठी चौकट. समजा ५० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद पट्टा आहे, म्हणजे ६०० चौरस मीटर. काठाने टेप टाका, ० ते ३ अशा चार चिठ्ठ्या करून एक उचला, निघेल त्या मीटरवर पहिली आडवी रेघ, पुढे दर ४ मीटरवर एक, अशा साधारण १२ रेघा. प्रत्येक रेघेवर ठरलेल्या अंतराने ३ चौकटी, एकूण ३६. एका चौकटीचं क्षेत्र पाव चौरस मीटर, म्हणजे तुम्ही ९ चौरस मीटर तळ बघितला. "इथे असतील असं वाटतंय" म्हणून चौकट सरकवायची नाही, खडकावर आली तरी तिथेच, शून्य तर शून्य. हा मोह फार वाईट असतो.

त्यात ६ शिंपले मिळाले तर चौरस मीटरला ०.६७, आणि ६०० ला गुणलं की ४००. हा ४०० आकडा लगेच कुणाला सांगत सुटू नका. शिंपले घोळक्याने राहतात, एखादी चौकट नेमकी घोळक्यावर पडली की आकडा फुगतो, नाही पडली की बसतो. सहा जनावरांवरून काढलेला ४०० म्हणजे शंभरही असू शकतो आणि हजारही.

आता दुर्मिळाचं गणित बघा. याच पट्ट्यात आर्सिडॉप्सिसचे समजा फक्त १२ जीव आहेत. तुम्ही बघताय ६०० पैकी ९ चौरस मीटर. ते १२ कुठेही विखुरलेले असतील असं धरलं तर सहापैकी पाच वेळा तुमच्या सगळ्या चौकटी रिकाम्या निघणार, शिंपले तिथे असूनसुद्धा! म्हणूनच म्हटलं आधी वेळ लावून शोधा, त्यात काही दिसलं तरच चौकटींची मेहनत. आणि एकाच खेपेत नाही दिसला म्हणून "इथून नाहीसा झाला" असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. तीन वेगवेगळ्या दिवशी जा, शक्यतो वेगळी माणसं घेऊन, प्रत्येक खेपेचं वेगळं पान.

चौकटीतली वाळू १०-१५ सेंटीमीटर उकरून चाळली की पिल्लं सापडतात, वरवर बघून ती दिसतच नाहीत. पण पहिल्या वर्षी हे करू नका. जिथे दुर्मिळ जात असल्याची शंका आहे तिथे तर जाणकार बरोबर असल्याशिवाय अजिबात नाही.

हातात घेतल्यावर

सापडला की जाळीच्या पिशवीत घालून पिशवी पाण्यातच ठेवा, सावलीत. जागेवर एक खूण खुपसा, परत तिथेच ठेवायचाय. एका वेळी एकच बाहेर काढा आणि मिनिटभरात संपवा: लांबी, उंची, जाडी, तिन्ही मिलिमीटरमध्ये. दोन्ही बाजूंचे फोटो, वरून एक, शेजारी पट्टी. झडपा उघडून आत बघायचा प्रयत्न करायचा नाही, कधीच नाही, त्याचे स्नायू फाटतात आणि तो मरतो. बिजागरीजवळचे आतले दात, ज्यावरून लॅमेलिडेन्स आणि पॅरेशिया वेगळे ओळखता येतात, ते बघायला काठावरची टरफलं आहेत की. वरच्या रेघा मोजून वय पण सांगू नका, नदी आटली किंवा पूर आला तरी रेघ पडते.

मापं कशाला? वीस शिंपले मोजले आणि सगळे ७० ते ९० मिलिमीटरचे निघाले, लहान एकही नाही, तर मघाशी माशांचं म्हटलं तो प्रकार असू शकतो. म्हाताऱ्यांचं गाव. लहान खरंच नाहीत की आपल्यालाच दिसले नाहीत, हे मात्र उकरल्याशिवाय ठरत नाही, म्हणून शेऱ्यात "वरवर शोधले" एवढं लिहा.

परत ठेवताना नुसता फेकायचा नाही. टरफलावर जो फुगीर उंचवटा असतो तो मधोमध नसतो, एका टोकाच्या जवळ असतो. ते जवळचं टोक पुढचं, तिथून त्याचा पाय निघतो, ते खाली वाळूत. लांबचं टोक मागचं, पाणी आत-बाहेर घ्यायच्या फटी तिकडे, ते वर. बोटाने वाळूत हलकी खाच करा, अर्धा बसवा, पुढचं तो स्वतः करतो. माझ्या पहिल्या सर्वेत मी अकरा शिंपले उलटे लावले होते, खोटं कशाला बोलू, आणि कुणी सांगितलं नसतं तर अजून लावत असतो.

कागद

तारीख, सुरुवात-शेवट वेळ, माणसं किती, पाण्याची खोली, तळ दिसत होता की नाही, तळ कसला (खडक, गोटे, वाळू, गाळ), वर-खाली बंधारा किती अंतरावर, वाळू उपसा चालू आहे का, मळीचा किंवा सांडपाण्याचा वास. मग जातीप्रमाणे जिवंत, ताजी टरफलं, जुनी टरफलं. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, शून्य असेल तर ठळक ० काढा, कारण मोकळा रकाना म्हणजे शोधलं नाही की सापडलं नाही हे सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

ओळख पटत नसेल तर ज्या त्या फोटोंवर नाव मारून मोकळे होऊ नका, नुसतं "लॅमेलिडेन्स, जात नक्की नाही" हेही चालतं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांवर त्यांचं १९८९ चं हँडबुक आहे, तिथे टरफलं दाखवता येतात. टरफल पिशवीत घालताना पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी पिशवीच्या आत टाका, बाहेरून मार्करने लिहिलेलं पुसतं. नाव-गाव नसलेलं टरफल कितीही दुर्मिळ असो, ते शोकेसमध्ये ठेवायच्याच लायकीचं.

दुर्मिळ जात खरंच मिळाली तर फोटो टाकायला हात शिवशिवतील. टाका, पण नेमकं लोकेशन नको, तालुका पुरे, आणि फोटोत मागे मंदिर, पूल, बंधारा येऊ देऊ नका, लोक तेवढ्यावरून जागा काढतात. नेमकं लोकेशन अभ्यास करणाऱ्यांना वेगळं पाठवा.

घरी आल्यावर बूट, जाळ्या, बादली सगळं धुवून कडक उन्हात पूर्ण वाळवा, मगच दुसऱ्या नदीवर न्या. एका नदीतलं काहीबाही ओल्या बुटातून दुसऱ्या नदीत जातं. आमच्याकडे बूट दोन दिवस गच्चीवर असतात, शेजारच्या काकू विचारतात आता कुठली नदी, आणि पुढच्या खेपेची तारीख बहुतेक वेळा त्यांनाच आधी कळते.